पिग्मीच्या वहीतली मांजरं

मी मालवणात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. रोज संध्याकाळी स्कूटी काढायची, आधी बाजारपेठ, मग बंदर, मग दांडी. कोणाचे वीस, कोणाचे पन्नास, म्हावरं चांगलं लागलं असेल तर बांगडेवाल्या काकीचे दोनशे. अकरा वर्षं हेच चाललंय. त्यामुळे बंदरावर कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत आणि कुठलं मांजर कोणाच्या टोपलीशेजारी बसतं, हे सगळं मला न विचारता कळतं. मांजरांचं काम माझ्या गळ्यात पडलं ते यामुळेच. प्राणिमित्र वगैरे मी कधी नव्हते. घरात एक मांजर होतं, तेही आईचं.

सुरुवात एका चुकीने झाली आणि चूक माझीच होती.

तौक्ते वादळ येऊन गेलं त्या वर्षीचा, म्हणजे २०२१ चा जून. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. एका होडीखालून म्यांव म्यांव ऐकू आलं म्हणून वाकून बघितलं, तर तीन पिल्लं. डोळे नुकते कुठे किलकिले झालेले. आई नाही. पाऊस धो धो. मी फार विचार केला नाही. तिघांना पैशांच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. शेजारून गाईचं दूध आणून कोमट केलं, ड्रॉपरने पाजलं, टोपलीत जुनी साडी घालून झोपवलं. फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिघांना हगवण. चौथ्या दिवशी सकाळी दोघं गेलेली होती.

त्याच संध्याकाळी बंदरावर काकी म्हणाली, "गो बाय, तू पिलां घेवन गेलंस. तेंची आवस थंयच होती, खावक गेल्ली. दोन दिस होडयेखाली रडता हा."

उरलेलं पिल्लू घेऊन मी दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कुडाळला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रागावून काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आधी दूध पाजलंत की आधी ऊब दिलीत?" पिल्लू गार असेल तर त्याच्या पोटाला दूध पचवता येत नाही. आधी अंग गरम करायचं, मग तोंडाला काही लावायचं, हे मला तेव्हा कळलं. गाईच्या दुधातली साखर मांजराच्या पिल्लाला सोसत नाही, हेही तेव्हाच. आपल्याकडे मांजर आणि दूध ही जोडी म्हणींतसुद्धा इतकी पक्की बसली आहे की शंका यायला जागाच नाही. आणि मी त्यांना माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजत होते. पिल्लू आईला पोटावर पडून पितं. उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं.

मग त्यांनी विचारलं, "आई कुठे आहे?"

"तिथेच आहे म्हणतात."

"मग दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा माजावर येईल. पिणारी पिल्लं गेली की येतात."

म्हणजे माझ्या दयेने दोन पिल्लं मेली होती आणि पुढच्या विणीची तयारी झाली होती. परतताना धामापूरच्या वळणांवर मला सारखं तेच आठवत होतं. ऑगस्टच्या शेवटी ती मांजरी खरंच व्याली, चार पिल्लांना. मांजराचे दिवस नऊ आठवड्यांचे, त्यामुळे हिशेब अगदी चोख जुळला.

वाचलेलं पिल्लू आता माझ्या आईच्या मांडीवर असतं. नाव पेडवा, त्या छोट्या माशावरून.

त्यानंतर पिल्लं दिसली की मी हात मागे बांधते. हे आमच्या किनाऱ्यावर सोपं आहे, कारण वाळू आहे. पिल्लांच्या भोवती तळहाताने वाळूचा एक पट्टा गुळगुळीत करायचा आणि निघून जायचं. जवळ उभं राहून वाट बघितली तर आई येतच नाही. दोन-तीन तासांनी येऊन वाकून बघायचं. पट्ट्यावर चार बोटं आणि मागे गादी, नखांची खूण नाही, असं पाऊल उमटलेलं असलं तर आई येऊन गेली. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. नखांचे टोचे दिसले तर तो कुत्रा, मग मात्र थांबायचं नाही. पोटं टम्म असतील आणि पिल्लं एकमेकांवर गप्प झोपली असतील, तर आपलं तिथे काही काम नाही. सतत रडणारी, गार पडलेली, मुंग्या लागलेली असतील तरच उचलायची. तीन वर्षांत मी अशा प्रकारे बावीस पिल्लं बघितली आणि उचलावी लागली फक्त पाच.

त्या पाचांसाठी आईने अख्खं स्वयंपाकघर सोडून दिलं, हे नमूद केलं पाहिजे. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे उकडलं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर डॉक्टर मागवून देतात. पहिले दोन आठवडे दर दोन-तीन तासांनी पाजणं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसायचं, कारण इतकं लहान पिल्लू आपलं आपण मुततही नाही, आई चाटते तेव्हा मुततं. आणि रोज काट्यावर वजन. जन्मतः शंभरेक ग्रॅम, म्हणजे एका मध्यम बांगड्याएवढं. दिवसाला दहा ग्रॅम वाढलं तर ठीक चाललंय. वाढ थांबली की रडण्याची वाट न बघता कुडाळ गाठायचं. आईने या वजनांचे आकडे कालनिर्णयवर, दुधाच्या लिटरशेजारी, लिहून ठेवले होते.

पण डॉक्टरांचं ते वाक्य काही जाईना. खरं काम पिल्लांचं नव्हतं, आयांचं होतं.

पिग्मीची वही उलटी करून मागच्या पानापासून मी मांजरं लिहायला लागले. स्वतःच्या डोळ्यांवर विसंबले असते तर महिना लागला असता. मी टोपल्यांसमोर बसले आणि विचारलं. पहिलं उत्तर सगळ्यांचं एकच, "माजां न्हय तां, खावक येता इतक्याच." आणि पुढची दहा मिनिटं त्याच मांजराची कुंडली. ही गेल्या दिवाळीत व्याली, हिचा एक डोळा रापण, म्हणजे किनाऱ्यावरचं मोठं जाळं, ओढताना घारीने फोडला, हा बोका मेढ्यातून येतो आणि भांडून परत जातो. सुंगटावाल्या मावशीने तर एका मांजरीच्या चार पिढ्या सांगितल्या. स्वतःच्या नातवांची नावं ती चुकवते. रापण ओढायला हात लावला की माशांचा वाटा मिळतो, हा इथला जुना रिवाज. मांजरं दोरी ओढत नाहीत, पण त्यांचा वाटा बायकांनी केव्हाच धरलेला होता.

वहीत सत्तावीस मांजरं झाली. चौदा माद्या, नऊ बोके, चार न कळलेली. अंगावर काळा, भगवा, पांढरा असे तिन्ही रंग असले की मादी लिहून मोकळं व्हायचं, तीनरंगी नर अगदी क्वचित सापडतो. चौदा माद्या, वर्षाला दोन वेळा तरी विणार, दर वेळी तीन-चार. आणि पिल्लू स्वतः चार-पाच महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं. चक्रवाढ व्याज मी लोकांना रोज समजावून सांगते, त्यामुळे हे गणित मला कोणी शिकवावं लागलं नाही.

आता बायकांना ऑपरेशनचं सांगायचं होतं. "मांजरांका कापूक नेतंस काय गो?" हा पहिला प्रश्न. मी पोट कसं आणि किती कापतात ते सांगत बसले आणि काही उपयोग झाला नाही. शेवटी मावशीनेच विषय संपवला. "माजा सुदीक झालेला आसा, माका काय झाला?" त्यानंतर माद्यांबद्दल कोणीही हरकत घेतली नाही. हरकत आली ती पुरुषांकडून आणि फक्त बोक्यांबद्दल. "बायलांचा काय ता कर, बोक्याक हात लावचो नाय." जाळी विणत बसलेल्या पाच-सहा जणांनी हे अगदी गंभीरपणे सांगितलं. मीही मुकाट्याने पहिल्या वर्षी माद्याच नेल्या.

पिंजरा खिडक्यांचं ग्रिल बनवणाऱ्याकडून करून घेतला. उंदराच्या पिंजऱ्याचा थोरला भाऊच तो. तीन फूट लांब, फूटभर रुंद, मागच्या टोकाला पाय पडला की पुढचं दार पडणारी पट्टी. पहिला चुकला. दार धाडकन पडायचं आणि शेपूट सापडायचं. मग दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली आणि पिंजरा दोन इंचांनी वाढवला. एवढ्या खटपटीनंतर २०२२ च्या मार्चमध्ये मी तो ऐटीत बंदरावर मांडला. आठ दिवस मांडला. एक मांजर त्यावर चढून झोपलं, बाकीच्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. लिलाव जोरात, पायाखाली तारल्या पडलेल्या, पिंजऱ्यातला तुकडा खायला कोण जातंय?

हे उलगडलं ते जूनमध्ये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. होड्या वर, लिलाव नाही, टोपल्या नाहीत. पर्यटकही गेलेले, किल्ल्याची होडी बंद, खानावळींच्या चुली थंड. बिगरयांत्रिकी होड्यांना बंदी नसते, पण त्या दर्यात जाणार कोण? दहा महिने माशांवर पोसलेली मांजरं एकसष्ट दिवस उपाशी. आम्ही सगळे सुकी मासळी भरून ठेवतो, त्यांच्यासाठी कोण भरून ठेवणार? मला आधी या दिवसांत फक्त त्यांची दया यायची. आता लक्षात आलं की पिंजरा चालण्याचे दिवसही हेच. एक सुका बोंबील विस्तवावर भाजून आत टाकला तर वास धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. पहिल्याच संध्याकाळी वीस मिनिटांत तीन माद्या आल्या. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? भुकेचा फायदा घेतल्यासारखं वाटलं. तेव्हापासून एक नियम पाळते: ज्यांना न्यायचं नाही त्यांना पिंजऱ्यापासून लांब, रोज ठरल्या वेळी, मूठभर भात-सुकट. रोज ठरल्या वेळी आलेलं मांजर पकडायला सोपं जातं, हेही खरंच.

पद्धत आता अशी बसली आहे. संध्याकाळी पकडायचं. दार पडलं की लगेच जुनी चादर टाकून पिंजरा पूर्ण झाकायचा. उजेडात मांजर स्वतःचं तोंड जाळीवर आपटून रक्तबंबाळ करून घेतं, अंधार झाला की मिनिटभरात गप्प होतं. रात्री पडवीत, वर्तमानपत्रांवर. भूल द्यायची असते म्हणून रात्रभर पोट रिकामं. लहान वयाच्यांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, किती ते डॉक्टरांना विचारायचं. सकाळी कुडाळ.

कुडाळ कसं गाठायचं हा प्रश्न होता. स्कूटीवर पिंजरा बसेना, रिक्षावाल्याने वास येईल म्हणून नाही म्हटलं. वास! शेवटी म्हावऱ्याचा टेम्पो आला धावून. बंदीमुळे उभाच होता. "आयुष्यभर म्हावरां न्हेलंय, आता खाणारी न्हेतंय," टेम्पोवाला भाऊ म्हणाला. डिझेलचे तेवढे दे म्हणाला. तीन पिंजरे मागे ठेवले. हौदा कितीही धुतला तरी वर्षानुवर्षांचा बांगडा त्यात मुरलेला, त्यामुळे रात्रभर उपाशी राहिलेल्या तिन्ही माद्यांनी चौक्यापासून कुडाळपर्यंत जो सूर लावला, तो ऐकून रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

ऑपरेशन तासाभरात होतं. टाके आतले, आपोआप विरघळणारे, त्यामुळे पुन्हा पकडून काढायला नको. पिल्लांना पाजणारी असेल तर डॉक्टर पोटाखालून न कापता कुशीतून कापतात, म्हणजे पिल्लं पिताना टाक्याला लागत नाहीत. अशा मादीला शुद्धीवर येऊन ठणठणीत झाली की त्याच रात्री पिल्लांकडे सोडायचं. आणि भुलीतच डाव्या कानाचं टोक सरळ कापतात, पाव इंचभर. पहिल्यांदा मला ते बघवलं नाही. पण याच कापलेल्या कानामुळे ती पुन्हा कधी पिंजऱ्यात जाणार नाही. लांबून, पावसात, संधिप्रकाशातसुद्धा दिसतं की हिचं झालंय. जगभर हीच खूण चालते म्हणतात. बंदरावर हिला "कानकापी" म्हणतात. पिग्मी देताना काकी विचारते, "आज किती कानकापी झाली?"

भूल उतरेपर्यंत मांजराला अंगाची ऊब टिकवता येत नाही. आमच्या पडवीत पावसाळ्यात ओल असते, म्हणून पिंजऱ्याखाली गोणपाट, वर चादर, बाजूला गरम बाटली. बोके दुसऱ्या दिवशी सोडता येतात, माद्या मी दोन-तीन रात्री ठेवते. आणि जिथून उचललं तिथेच, त्याच टोपलीच्या जागी, सोडते. नवीन ठिकाणी सोडलं तर तिथली मांजरं फाडून खातात नाहीतर ते परतीच्या वाटेवर गाडीखाली जातं.

हे पोत्यात घालून सोडणाऱ्यांना पटत नाही. इथे ही जुनी रीत आहे. पिल्लं फार झाली की पोत्यात भरायची आणि खाडीपलीकडे सोडून यायची. एका हॉटेलवाल्याने सात मांजरं अशी सोडली. मी त्याला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं सांगितलं, उपासमार होईल असं जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे म्हटलं. त्याने मान डोलावली. मग माझ्या आईने त्याला गाठलं आणि सांगितलं, मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, तू सात सोडलीस, सोन्याचा भाव बघितलास का? हसला, पण त्यानंतर पोतं काढलं नाही. तशीही त्याच्या मागच्या दाराशी चार महिन्यांत पाच नवीन मांजरं आली. खाणं तिथेच पडलेलं, मग रिकामी जागा भरणारच. आता त्या पाचांचे कान कापलेत आणि डिझेलचे पैसे तो देतो.

चावा मला त्या पहिल्याच जुलैत बसला. इसवण नावाची करडी मादी, अंगावर पट्टे. पाण्याची वाटी बदलायला मी दार दोन बोटं उघडलं. दोनच बोटं. तिने अंगठ्याच्या मुळाशी दात रुतवले आणि सोडेना. आई म्हणाली, "हळद घाल आणि गप ऱ्हव." मी हळद घातली नाही. नळाखाली साबणाने धुवत बसले, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मग ग्रामीण रुग्णालयात. रेबीज कुत्र्यामुळेच होतो असं आपल्या डोक्यात असतं, मांजरामुळेही होतो. जखम खोल म्हणून त्याच जागी सीरमची सुई, शिवाय लस: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. चारही चुकवल्या नाहीत. मांजराचा दात सुईसारखा, वरून भोक दिसत नाही आणि घाण आत खोल जाते, म्हणून प्रतिजैविकंही. तरी अंगठा आठवडाभर कोकमासारखा लाल होता आणि वहीत आकडे मला डाव्या हाताने लिहावे लागले. त्या आठवड्याच्या नोंदी बघून संस्थेत मला विचारणा झाली. आता कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे आहेत, वेल्डिंगवाल्याचे. आणि वाटी बाहेरूनच नळीने भरते.

किनाऱ्यावरच्या मांजरांचं एक खास दुखणं म्हणजे गळ. आमिषासकट टाकून दिलेला गळ मांजर गिळतं किंवा ओठात अडकवून घेतं. एका पोरगेल्या बोक्याच्या खालच्या ओठातून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, लोंबत होता, हातभर. एक पोरगा ओढायलाच निघाला होता. मी ओरडले. आत गळ असेल तर ओढण्याने आतडं फाटतं, तोंडातून असो वा मागून, लोंबणारा दोरा कधीही ओढायचा नाही. तंगूस चार बोटं ठेवून कापला, नाहीतर तो पायात अडकून आणखी खेचला जातो, आणि नेलं. डॉक्टरांनी गळ मागे ओढला नाही, पुढे ढकलला. टोक ओठातून बाहेर आलं, त्यावरचा उलटा काटा पकडीने तोडला आणि मग दांडा मागून अलगद काढला. तो गळ मी आणून बंदरावर सगळ्यांना दाखवला. तेव्हापासून जाळी शिवणाऱ्यांजवळ एक डबा आहे, मोडके गळ त्यात पडतात. बहुतेक वेळा पडतात.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. सुंगटावाल्या मावशीची ती चार पिढ्यांची मांजरी पावसात भिजून कुडकुडत होती. मावशीने मायेने तापाची अर्धी गोळी, आपली साधी पॅरासिटामॉल, माशात दाबून दिली. मी पोचले तोवर तिचं तोंड सुजलं होतं, हिरड्या तपकिरी पडल्या होत्या. माणसाला चालणारी ही गोळी मांजराला विष आहे, त्याचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. टेम्पो कुडाळला पोचायच्या आत ती गेली. मावशीला मी कारण सांगितलं नाही. बाकीच्या सगळ्यांना मात्र सांगितलं: माणसाची कुठलीही गोळी नाही, कुत्र्याची गोचिडांची पावडर नाही, अंगाला करंजेल नाही, फिनेल नाही. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं.

पैशांचं म्हणाल तर एका मादीमागे साधारण दीड हजार लागतात, टेम्पो वेगळा. डॉक्टर आम्हाला कमीत करतात. पिग्मीच्या पावतीपुस्तकाला मी हात लावत नाही. मांजरांची वेगळी वही केली, ज्याला द्यायचे त्याने रोज दोन रुपये, पाच रुपये द्यावे. दोन रुपयांनी काय होतं असं मलाही वाटलं होतं. पण रोज देणाऱ्या बायका तीसच्या वर आहेत आणि हंगाम दहा महिन्यांचा आहे. पहिल्या वर्षी नऊ माद्या झाल्या, दुसऱ्या वर्षी उरलेल्या पाच. दुसऱ्या वर्षी जाळी विणणाऱ्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बोक्याचं केलं तर तो रात्री कौलांवर भांडायचा थांबतो का? बरंच कमी होतं म्हटलं. त्या जूनमध्ये सहा बोके गेले. त्याचाच पहिला.

पर्यटकांना पिल्लू हवं असतं. मे महिन्यात दर शनिवारी कोणीतरी मुलाच्या हट्टापायी गाडीत घालून न्यायला तयार. मी सरळ नाही म्हणते. आईपासून आठ आठवड्यांआधी तोडायचं नाही, पहिली लस झालेली हवी, घराच्या खिडक्यांना जाळी हवी आणि ऑपरेशन करून फोटो पाठवायचा. एवढं सांगितलं की दहातले नऊ जण भजी खायला निघून जातात. दहावा जो उरतो, त्याला पिल्लू देते. आजवर चार दिलीत. चौघांचेही कापल्यानंतरचे फोटो आलेत, एकाचा ठाण्याहून फ्रीजवर बसलेला.

लसीवर मी अडते त्याला कारण आहे. एका हिवाळ्यात पिल्लांना उलट्या सुरू झाल्या आणि तीन दिवसांत चार गेली. मांजरांचा पार्व्हो म्हणतात त्याला. हा विषाणू जमिनीवर, गोणपाटात महिनोन् महिने टिकतो, साध्या धुण्याने जात नाही. पडवी आम्ही ब्लीचिंगने धुतली, गोणपाटं जाळली आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे एकही लहान पिल्लू ठेवलं नाही. पेडव्याला लस झालेली होती, त्याला काही झालं नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेला नारळ सोडून झाल्यावर, मी बंदरावर गेले. लिलाव जमला होता. टोपल्यांच्या कडेने मांजरं बसलेली, सगळ्यांचे डावे कान बुटके. त्या दोन महिन्यांत एकाही होडीखाली पिल्लं सापडली नव्हती. मी स्कूटी लावून पावतीपुस्तक काढलं. काकीने पैसे कमरेतून काढले, माझ्या हातावर ठेवायला आली आणि थांबली. तिच्या टोपलीमागे एक काळं, अर्धवट वाढलेलं मांजर पेडवा चघळत होतं. दोन्ही कान टोकदार.

"ह्यां खयसून इला?" मी विचारलं.

"काय म्हायत. कालपासून येता." तिने पैशांची मूठ मिटली. "आदी तेका लिव. मगे पैशे."

मी वही उलटी केली. "काळं, पांढरे मोजे, बहुतेक मादी. बांगडेवाली काकी." काकीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "बहुतेक कित्याक? मादीच ती. खाताना बघ मगे."